वात ओली होती

हाझेलमाट,
मंगळवार, ९ डिसेंबर २०१४

प्रिय ट्रूडी,

तू बरी आहेस हे मला ठाऊक आहे, कारण आज सकाळीच तुला माझ्या खिडकीतून पाहिलं. लाल टोपी घालून बेकरीकडे निघाली होतीस. मीही बरी आहे. थंडी वाढली आहे, बिर्स नदीवर धुकं बसलं की दुपारपर्यंत उठायचं नाव घेत नाही. नाताळच्या कार्यक्रमासाठी तुझ्या युरिथ्मी नाचाचे सात निळे झगे शिवून झाले, आठव्याची एक बाही राहिली आहे. यंदा रेशीम फारच पातळ आलंय. तुझ्या मुलींनी हात फेकताना ते उसवलं तर मला बोलायचं नाही.

झालं, क्षेमकुशल संपलं.

एकाच अंगणात पस्तीस वर्षं राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मी तुझ्यासमोर रागावून बोलायला लागले की तू माझा हात हातात घेतेस, मान जराशी कलती करतेस आणि म्हणतेस, “रेगुला, या रागामागे काय आहे ते आपण दोघी मिळून पाहू.” मग आपण पाहत बसतो आणि राग राहतो बाजूला. या वेळी मला रागामागचं काही पाहायचं नाहीये. कागदाचा हात धरता येत नाही, म्हणून कागद.

माइनराडबद्दल लिहिते आहे. तुला ते पहिल्या ओळीपासूनच कळलं असेल.

आपण दोघी अँथ्रोपॉसॉफीचं अध्यात्म शिकायला या वसाहतीत आलो तेव्हा तेविशीतल्या होतो आणि माइनराड सतरा वर्षांचा. त्याची आई त्याला एका पेटीसकट इथे सोडून गेली. चार शब्द सलग बोलायला त्याला वेळ लागायचा, अजूनही लागतो. पण नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारची आपली बाग कुणामुळे उभी राहते? जंगलातून शेवाळ तो आणतो, तेही मुळं न दुखावता, पावासारखं उचलून. सभागृहात त्याची गोल गोल आत जाणारी वाट तो मांडतो. सफरचंदं तो पुसतो. मधोमध लावायची मोठी मेणबत्ती ऑक्टोबरपासून तो बुडवून बुडवून जाड करतो, तेव्हा त्याच्या अंगाला मधाचा वास येतो. आणि मग एकेक जण सफरचंदात खोचलेली छोटी मेणबत्ती घेऊन त्या वाटेनं आत जातो, मोठ्या मेणबत्तीवर ती पेटवतो आणि परतताना शेवाळावर ठेवून येतो. तो बाहेर येईपर्यंत मी लायरच्या तारा छेडत राहते. लायर थांबत नाही. तीस वर्षांत कधी थांबली नव्हती.

माइनराडला अकरा मिनिटं लागतात. वाटेवर मांडलेल्या प्रत्येक दगडापाशी, शिंपल्यापाशी तो थांबतो आणि मान लववतो. इतरांना दोन मिनिटं लागतात, कारण त्यांना दगडांशी ओळख ठेवायची नसते.

यंदा आपल्या वसाहतीला साठ वर्षं झाली म्हणून कँटनच्या सरकारी कचेरीतून पाहुणे येणार होते. आणि वीस नोव्हेंबरच्या गुरुवारी, बैठकीत, मेणबत्तीभोवती सगळे बसलेले असताना तू म्हणालीस, “माइनराडला गर्दीचा त्रास होतो. त्यानं सकाळी एकट्यानं, शांतपणे चालावं. त्याच्याचसाठी.”

त्याच्याचसाठी! अगं, गावच्या जत्रेत तो प्रत्येक माणसाशी हात मिळवतो, कुत्र्यांचे पंजेही सोडत नाही. गर्दीचा त्रास त्याला होत नाही. गर्दीला त्याचा होतो, आणि तो तुला दिसला. पाहुणे अकरा मिनिटं घड्याळाकडे बघतील, ही भीती तुला होती. तेवढं सरळ बोलली असतीस तर मी भांडले असते आणि विसरलेही असते. पण तू त्या भीतीला प्रेमाचा झगा चढवलास. असले झगे शिवायला मीसुद्धा शिकलेली नाही.

मग तू रिवाजाप्रमाणे विचारलंस, “कुणाच्या मनात काही आहे?” एकदा, दोनदा, तीनदा. कुणी बोललं नाही. आपल्याकडे तीनदा शांतता म्हणजे होकार. बाहेरचे लोक हात वर करून मोजतात, आपण शांतता ऐकतो, असं तू पाहुण्यांना अभिमानानं सांगतेस. त्या शांततेत काय काय दडतं ते मला त्या दिवशी कळलं.

बागेच्या रविवारी सकाळी काय झालं ते तुला सविस्तर सांगते, कारण तू तिथे नव्हतीस. पाहुण्यांच्या खोल्यांत फुलं ठेवत होतीस.

सकाळी पाण्याची बादली घेऊन उभं राहायला माणूस नव्हता, म्हणून आगीच्या नियमाप्रमाणे खरी मेणबत्ती नको, असं तू ठरवलंस. बॅटरीवरची दिलीस. मोठी मेणबत्तीही पेटवायची नाही, ती पाहुण्यांसाठी कोरी राहू दे. त्याच्याच हातची मेणबत्ती! बॅटरीची मेणबत्ती सफरचंदात बसेना, तेव्हा चाकूनं भोक मोठं केलं. ते मी केलं. हे मला इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. रिकामं सभागृह पाहून त्यानं विचारलं की बाकीचे कुठे आहेत. मी म्हटलं, नंतर येतील. तो चालायला लागला. दगड, शिंपले, सगळ्यांना मान लववून मध्यभागी पोचला आणि त्यानं आपली मेणबत्ती मोठ्या मेणबत्तीच्या कोऱ्या वातीला टेकवली. आणि वाट बघत उभा राहिला.

मी वाजवत होते. तू मला सांगून ठेवलं होतंस तसं म्हटलं, “खालचं बटण दाब, माइनराड.” सफरचंदाला बटण असतं हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? त्यानं सफरचंद उलटं करून पाहिलं, पुन्हा वातीला टेकवलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा टेकवलं. आणि ट्रूडी, मी वाजवायची थांबले. तो आतच होता आणि मी थांबले. तो तसाच, काही न वाजता, परत आला. त्यानं सफरचंद शेवाळावर ठेवलं नाही. मेणबत्ती उपटून खिशात घातली आणि मला विचारलं, “मी नीट चाललो नाही का?”

मी म्हटलं, “तसं नाही रे. वात ओली होती.”

संध्याकाळचं तुला माहीतच आहे. तू पाहुण्यांपुढे उभी राहून म्हणालीस की इथे प्रत्येक माणूस आपली ज्योत आपल्या हातानं पेटवतो. कँटनच्या त्या बाईंनी डोळे पुसले. शेवटी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे बागेनंतर कुणी टाळी वाजवत नाही, एखाद्या पोरानं वाजवली तर तू डोळे वटारतेस. त्या दिवशी तू हसून मान लववलीस. तेव्हा माइनराड स्वयंपाकघरात सुपाचे बटाटे सोलत होता. पांढऱ्या शर्टावर एप्रन बांधून. आणि मी? मी चाळीस जणांसाठी लायर वाजवली, एकदाही न थांबता.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं नाकानं कांदे सोलणं होईल.

त्या बैठकीच्या दोन दिवस आधी मी रंगखोलीत गरम पाण्यात बोटं बुडवून बसले होते. सांधे सुजले होते. तू आलीस, माझी बोटं पाहिलीस आणि हळूच म्हणालीस, “अकरा मिनिटं या बोटांना फार होतात गं. यंदा काहीतरी करू.” मी काही बोलले नाही. ते काहीतरी म्हणजे काय, हे मला कळलं होतं. मला बरं वाटलं होतं, ट्रूडी. गुरुवारी तू तीनदा विचारलंस तेव्हा तिन्ही वेळा मी माझ्या बोटांकडे बघत होते. बाकीचे का गप्प बसले ते देव जाणे. मी का गप्प बसले ते हे असं आहे.

म्हणून माझा तुझ्यावर जेवढा राग आहे तेवढाच माझ्यावर आहे. पण तुझ्यावरचा त्यामुळे कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

आणि त्या ओल्या वातीचं काय झालं ते ऐक. दुसऱ्या दिवसापासून माइनराड रोज सकाळी ती प्लॅस्टिकची मेणबत्ती माझ्या शिवणखोलीतल्या शेगडीवर वाळत घालतो. शेजारी बसून राहतो. थोड्या वेळानं विचारतो, “वाळली?” मी म्हणते, अजून नाही. सहा तारखेच्या सणाला सगळ्यांना माणसाच्या आकाराचे पाव वाटले, त्यानं आपल्या माणसाचे मनुकांचे डोळेसुद्धा खाल्ले नाहीत, पाव तसाच शेगडीवर ठेवला. त्याच शनिवारी मेणबत्तीची एक कड वितळली. तो घाबरला. त्याला वाटलं, हेही त्याच्याकडूनच बिघडलं.

माझ्या खोटेपणाला तो आठवडाभर ऊब देत होता, आणि मी शेजारी बसून तुझ्या झग्यांना दोरे घालत होते.

आता ऐक. येत्या गुरुवारी मी बैठकीत सांगणार आहे की एकवीस तारखेला, अ‍ॅडव्हेंटच्या चौथ्या रविवारी दुपारी चार वाजता, बाग पुन्हा मांडायची. पाहुणे नकोत. शेवाळ अजून ताजं आहे, पिंपामागे सावलीत ठेवलंय. मोठी मेणबत्ती पाहुण्यांनी जाळून संपवली, तेव्हा नवी बुडवायला घेतली आहे, ती तेवढी जाड होणार नाही, चालेल. पहिला माइनराड चालेल. बादली घेऊन मला माणूस हवा आहे आणि ती तू असावीस असं मला वाटतं. बोटं साथ देतील तोवर मी वाजवीन, नंतर तोंडानं गुणगुणेन, अकरा लागोत की वीस. मग मीसुद्धा तीनदा विचारीन. गप्प बसलात तर होकार धरीन. नियम तुझाच आहे.

एवढं लिहून पत्र पाकिटात घालणार होते, पण तू वाचून घडी घालून ठेवशील, म्हणून कालचं शेवटी लिहिते.

काल सकाळी तो आला, मेणबत्ती शेगडीवर ठेवायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हटलं, “माइनराड, वात ओली नव्हती. ती मेणबत्ती खोटी होती. आणि तिची जागा मीच कोरली. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

तो खूप वेळ विचार करत राहिला. त्याला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, रडेल. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला आणि तो म्हणाला, “म्हणजे मी नीट चाललो होतो.”

मी म्हटलं, हो.

दारापर्यंत गेला, परत वळला आणि म्हणाला, “ट्रूडीला सांग.”

म्हणून सांगते आहे. तो नीट चालला होता.

गुरुवारी भेटू. माझा हात धरू नकोस, बोटं दुखतात.

रेगुला