चार वाजताचा यो-यो

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून यो-यो. निर्णय पक्का.
सकाळी मयूरीचा फोन होता. म्हणे, आई गेल्यावर त्या घरात एकटे काऊन राहून राह्यले बाबा, कुलूप लावा अन् आदिलाबादले आमच्याकडं या. मी म्हटलं, ज्याले छंद आहे तो एकटा नसते. ती म्हणे, तुमाले कोणता छंद? इथं जरा अडचण झाली. समोर टीव्हीवर एक बाई यो-यो फिरवत होती. सांगून टाकलं.
वय बासष्ट, रिटायर, टायमच टायम. शिवाय उटनूरमध्ये दुसरं कोणी यो-यो खेळत नाही, म्हणजे सुरुवातीलेच पहिला नंबर.

५ नोव्हेंबर
बाजारातून लाल प्लास्टिकचा आणला. फिरला का लाईट लागते. व्हिडिओत सांगतात, दोरी बेंबीपर्यंत कापा. माही बेंबी पोटाच्या उतारावर आहे, तिथं कुठून मोजायचं हे काही सांगत नाहीत. यो-यो पायाच्या अंगठ्यावर आदळला. चूक व्हिडिओची.

९ नोव्हेंबर
जुन्या ऑफिसातला भार्गव आला. त्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. नवशिक्यानं झटका देला का हातात परत येणारा यो-यो घ्यावा. दुसरा प्रकार पट्टीच्या खेळाडूंचा, धातूचा, बेअरिंगवाला. तो झटक्यानं येत नाही, खाली फिरतच राहते. त्याले परत बोलवायची वेगळी युक्ती असते, ती शिकायले महिने लागतात.
दुसराच मागवला. उगाच लेकरायच्या वर्गात काऊन बसा?

१४ नोव्हेंबर, दुपारी ४
आला! फिरते मात्र भारी. परत येत नाही. हातानं दोरी गुंडाळा अन् पुन्हा सोडा, विहिरीतल्या बादलीसारखं.
आवाज मोठा. घर्रर्र सुरू होते, मंग कापड फिरवायले थांबावं तसं थांबते, पुन्हा घर्रर्र. हॉलमध्ये मयूरीच्या आईच्या, प्रतिभाच्या शिलाई मशीनजवळ उभं राहून खेळलो, कारण तिथं उजेड चांगला आहे. तीही याच टायमाले मशीनवर बसे. योगायोग.

१७ नोव्हेंबर
खेळता खेळता 'चहा ठेवू का?' असं दोनदा विचारलं. एकाग्रतेत माणूस बोलते. चहा दोन कप झाला, तोही एकाग्रतेनंच.

२३ नोव्हेंबर
भार्गवनं प्रेमानं नवशिक्यायचा यो-यो आणून देला. पहिल्याच झटक्यात हातात आला. पण मुका. क्वालिटी हलकी, कपाटात टाकला.
भार्गव म्हणे, सर, तुमचं बेअरिंग कोरडं पडलं, एक थेंब तेल टाका. मी विषय बदलला. कापसाचा सीझन आहे, हवेत धूळ लय, बेअरिंग दिवसेंदिवस जास्तच वाजून राह्यलं. प्रगती आहे.

१ डिसेंबर
शेजारचा गोपाल फाटकाबाहेरूनच बोलला. म्हणे, चार वाजता वैनीची मशीन चालते, साऱ्या गल्लीनं आयकली. फाटकाले कोणीतरी लिंबू-मिरची बांधून गेलं. मी त्याले तिथंच लेक्चर देलं. आपण बुद्धाचे लोक, भूतबित मानत नाही, गेलेलं माणूस परत येत नसते. यो-योचं सांगायचं राहून गेलं. वेळच नाही भेटला.
त्याची बायको सरोजिनी मात्र भेली नाही. विचारे, वैनीकडं माहं पोलकं अर्धं राह्यलं होतं, मशीन चालूच आहे तर होऊन जाईन का? मी म्हटलं, पाहतो. असं काऊन म्हटलं, बाप्पा?

५ डिसेंबर
संध्याकाळी वंदना घेतली अन् ठरवलं. आपल्यामुळं अंधश्रद्धा वाढून राह्यली. उद्यापासून चार वाजता खेळणं बंद म्हणजे बंद. सकाळी खेळायचं.

७ डिसेंबर, दुपारी ४
सकाळी उजेड बरोबर नसते.
आज डोळे मिटून खेळलो. ती होती. तोंडात टाचण्या धरून, मान वाकवून. चष्मा नाकावर घसरलेला. डोळे उघडायचं भेव वाटे, म्हणून दोरी चाचपडत गुंडाळली अन् पुन्हा सोडली. किती वेळ, मोजला नाही.
डोळे मिटून खेळणं ही ॲडव्हान्स लेव्हल आहे.

१४ डिसेंबर, शनिवार
मयूरीले गल्लीतल्या कोणीतरी फोन केला. ती अन् जावईबापू मले न्यायलेच आले. हर्षदीप बस डेपोत मेकॅनिक. माणूस हिरा आहे, पण त्याले कोणती वस्तू वाजलेली खपत नाही. मी मटण आणायले गेलो, तेवढ्यात त्यायनं फाटक, दारं, पंखा, मशीन, साऱ्यायले तेल देलं. यो-यो खोलून बेअरिंगमधी ग्रीस भरलं. मले दाखवून म्हणे, मामाजी, पाहा आता.
जावयाले कोणी रागावते का? वा जावईबापू, म्हटलं. हात धुवायले पाणी देलं. ताटात मटणाची नळी वाढली.
चार वाजता मयूरी मशीनजवळ बसली. काहीच वाजलं नाही. म्हणे, लोक उगाच बोलतात बाबा. तुमी छंदात खुश आहा, राहा इथंच.
म्हणजे मी जिंकलो.

१५ डिसेंबर, दुपारी ४
यो-यो एका झटक्यात हातात आला. पट्टीच्या खेळाडूचा! ग्रीसचा प्रताप. आवाज शून्य.
बेअरिंग पेट्रोलनं धुतलं. वाजलं, पण दुसरंच वाजलं, पत्र्यासारखं. मंग मशीनवर बसलो. आजपर्यंत तिले हात लावला नव्हता. पाय देला का चाक उलटंच फिरते, दोरा तुटते. आईशप्पथ, माणसानं एवढं चांगलं काम करू नये.

१८ डिसेंबर
पुन्हा ग्रीस भरलं. प्रॅक्टिस चालू. यो-यो दर वेळी हातात. एकही चूक नाही. आता जिल्ह्यातच पहिला नंबर समजा.
चहा एकच कप केला. लय रडलो.

२० डिसेंबर, शुक्रवार
मयूरीले फोन केला, न्यायले ये म्हटलं. ती घाबरली. म्हणे, काय झालं बाबा, पुन्हा आवाज येऊन राह्यला का?
मी म्हटलं, नाही. बिलकुल येत नाही.
ती म्हणे, मंग बरंच झालं ना.
मी हौ म्हटलं. उद्या सकाळच्या बसनं ये म्हटलं.