दुसऱ्या टाकीचं पाणी

५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं काम करते. जिथे काँक्रीट ओततात तिथून त्याचे ठोकळे आमच्याकडे येतात. ते अठ्ठावीस दिवस टाकीतल्या पाण्यात ठेवायचे, मग यंत्रात दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहून द्यायचं.

२. १३ जानेवारीला एका शाळेच्या खांबाचे तीन ठोकळे मी फोडले. तिन्ही कमी भाराला फुटले. मी नापासाचा अहवाल दिला.

३. नियमाप्रमाणे त्यानंतर खुद्द खांबातून नमुना काढून तपासायचा असतो. कंत्राटदार घाईत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी खांब फोडला.

४. फुटलेल्या खांबाचा एक मोठा तुकडा मुकादमाने हातगाडीवर घालून माझ्याकडे आणला. त्यातून नमुना कापून मी तपासला. खांब उत्तम होता.

५. ठोकळे दुसऱ्या टाकीत होते. तिथला हीटर महिनाभर बंद होता. पाणी सत्तावीस अंशांवर हवं, ते चौदावर होतं. गार पाण्यात काँक्रीट सावकाश घट्ट होतं. रोजचं तापमान टाकीमागे टांगलेल्या वहीत लिहिलेलं होतं. मी ती वही पाहिली नाही.

६. माझं लग्न ठरलं आहे. २२ मार्चला, नोंदणी कार्यालयात. तो जमीनमोजणीच्या खात्यात आहे.

७. त्याच्या घरी तू हयात नाहीस असं सांगितलेलं आहे. बोलली आत्या. बाबा जमिनीकडे बघत होते. मी त्याच खोलीत होते आणि गप्प बसले.

पाचव्या आणि सातव्या मुद्द्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगितलं. ते टिकलं नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावर तुझ्या नावामागे सौ. लिहावं की नाही हे ठरेना, तेव्हा ते गाळलं आहे. राग मानू नकोस.

तू गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नंतर तुझी एकोणीस पत्रं आली, ती सगळी परत गेली. पाकिटांवर ‘घेण्यास नकार’ लिहिलेलं असायचं. ते आत्याने लिहिलं असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. पत्र आलं की आत्या ते टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. लिहायची मी. घरी येणारी-जाणारी माणसं तुझ्याविषयी आवाज खाली आणून बोलायची, आणि त्या आवाजाला काहीतरी उत्तर द्यायला हवं असं मला वाटायचं. मी तुला नापास केलं. तेव्हा ते फार सोपं गेलं.

एकच विचारायचं आहे. तू का गेलीस? लोकांनी सांगितलेली कारणं मला पाठ आहेत. तुझं मला माहीत नाही.

उत्तर द्यायचं बंधन नाही. पण पत्र परत पाठवू नकोस.

तुझी मुलगी


१४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाठवणाऱ्याचं नाव बघायची गरज पडली नाही. तेरा वर्षांत तुझ्या अक्षरातले दोनच शब्द माझ्याकडे होते, तेही एकोणीस वेळा. ते तुझेच आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आत्याचं अक्षर कोंबडीचे पाय असतं, हे तू विसरलीस वाटतं.

क्रमांक घालून लिहिलंस ते बरं केलंस. पाच वर्षांची असताना माझी शिवणकामाची टेप गळ्यात घालून तू घरभर हिंडायचीस आणि मांजराची शेपटी किती इंच वाढली ते रोज जेवताना सांगायचीस. तेव्हापासून मी तुला मोजपट्टी म्हणते. मांजर कंटाळून गेलं, तू काही सुधारली नाहीस.

आधी माझी खुशाली. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आहे. छापून आलेला मोठा कागद दुमडला की त्याचा एक फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक ठेवून मी ते दोऱ्याने शिवते. बोटांना खळीचा वास येतो, तो आता साबणालाही दाद देत नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरती माझी एक खोली आहे. खाली पन्नास घड्याळं आणि पन्नास वेळा, त्यामुळे मला उशीर कधीच होत नाही. एकटी बाई म्हणून घरमालकीण पहिली दोन वर्षं माझ्याकडे येणाऱ्या पुरुषाची वाट बघत होती. कुणी येईना. शेवटी कंटाळून तिनेच माझ्याशी मैत्री केली.

आता तुझा प्रश्न. तुझे बाबा सज्जन माणूस. दारू नाही, हात उचलणं नाही. ते मला कधी उलट बोलले नाहीत, सुलटही बोलले नाहीत. ताट वाढलं की ठीक आहे म्हणायचे. एकदा मी आठवडाभर मुद्दाम कशातच मीठ घातलं नाही. आठही दिवस ठीक होतं. त्या आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी या घरात नसले तरी यांना ते ठीकच वाटेल, आणि आणखी दहा वर्षांनी मलाही वाटायला लागेल. त्या दुसऱ्या गोष्टीची मला भीती वाटली.

त्यांनी मला मारलं असतं, तर आत्याने स्वतः डबा बांधून मला गाडीत बसवून दिलं असतं. दाखवायला वळ असला की बाईला वाट मिळते. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मग लोकांनी माझ्यासाठी एक माणूस शोधला. कुणी म्हणालं मास्तर, कुणी म्हणालं विमा एजंट. मला त्यातला एकही भेटला नाही, भेटला असता तर निदान सामान उचलायला झाला असता.

मोकळं होणं माझा हक्क होता असं मला आजही वाटतं. आणि चौदा वर्षांच्या मुलीला मागे ठेवणं चूक होती, असंही वाटतं. दोन्ही माझ्यातच राहतात, रोज भांडतात, पण दोघांपैकी एकही घर सोडून जात नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी तुला बरोबर येतेस का म्हणून विचारलं होतं. तू गणिताची वही मिटून सांगितलंस की तुझी परीक्षा आहे. मी ते उत्तर लगेच मान्य केलं. आईने ते मान्य करायचं नसतं. थांबायचं असतं, निदान परीक्षा संपेपर्यंत.

तुझा पाचवा मुद्दा मी बऱ्याचदा वाचला. टाकीमागच्या वहीत मीही रोज लिहीत होते गं.

तुझी परत आलेली पाकिटं मी उघडली नाहीत. एकत्र शिवून त्यांवर निळा कापडी पुठ्ठा चढवला आहे. कारखान्यातल्या बाया विचारतात की हे कसलं पुस्तक. मी सांगते की जिचं आहे तिने अजून वाचलेलं नाही.

लग्नाला मात्र मी येणार नाही. जी बाई मेली म्हणून सांगितली आहे, तिने दारात उभी राहून तुझी पंचाईत करू नये. त्या दिवशी मी रजा घेईन आणि बरा कपडा घालून इथेच बसेन. आत्याला माझा नमस्कार सांगू नकोस, ती दोन दिवस जेवायची नाही.

माया मी कधी मोजून ठेवली नाही, तेव्हा ती संपायची काळजी नको. तुझी थोडी इकडे राहू दे.

आई


२२ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. त्या लोकांच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहेस म्हणे. तारखेसकट कळवलंस, सरकारी नोटीस येते तसं. तुला वाढवलं मी, पण पत्र लिहायला शिकवायचं राहून गेलं.

अगं, शहाणी ना तू? खांब पाडून पोट भरलं नाही, आता घर पाडायला निघालीस. आई मेली हे मी हौसेने बोलले का? आई नाही का, असं त्यांनी विचारलं, आणि पुढचा प्रश्न मला त्यांच्या डोळ्यांत दिसला. कुठे असते, का गेली, कुणाबरोबर गेली. तुझ्या शाळेच्या दारात, दवाखान्यात, वाण्याच्या दुकानात मी तेरा वर्षं तो प्रश्न अंगावर घेतला. मेलेल्या बाईबद्दल कुणी वेडंवाकडं बोलत नाही. मी वहिनीला मारलं ते तिचं नाव राखायला, असं मी स्वतःला सांगते. खरं सांगायचं तर तुझं स्थळ राखायला.

लोक कोण, असं तू मागे मला विचारलं होतंस. लोक म्हणजे मीच गं. माझ्यासारख्या चाळीस बायका आणि त्यांचे नवरे. आम्हाला कुणी नियम लिहून दिलेले नाहीत. एकीने भुवई उचलली की दुसरी उचलते, आणि पहिली कुणी उचलली ते कुणालाच आठवत नाही.

एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापाशी ठेव. सहा वर्षांपूर्वी डोळे तपासायला म्हणून मी दोन दिवस गेले होते ना, तेव्हा वहिनीच्या गावी गेले होते. पत्ता पाकिटावरून पाठ होता, ती कुठे कामाला जाते ते खालच्या घड्याळवाल्याने सांगितलं. कारखान्याच्या समोरच्या बाजूला उभी राहिले. सुटायच्या वेळी ती बाहेर आली, बरोबर तीनचार जणी, आणि ती हसत होती. आपल्या घरात ती अशी हसलेली मला आठवेना. मला तिचा इतका राग आला, की मी न भेटता परत आले. गाडीत बसल्यावर कळलं की तो राग नव्हता. तिच्यासोबत भाजी निवडायला बसायचे त्या दुपारी आठवत होत्या. तिच्यामागे माझ्याशी घरात कोण बोललं? तुझा बाप? तो भिंतीला जोड आहे.

तरीही सांगते, जाऊ नकोस. एवढं लग्न होऊ दे, मग वर्षभराने हळूच सांग. आणि जाणारच असशील, तर तो सुरकुतलेला निळा ड्रेस घालून जाऊ नकोस.

जीव लावलाय तो लावलेलाच राहील, तू ऐकलंस तरी आणि नाही ऐकलंस तरी.

आत्या


४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मीठ नसलेला आठवडा मला आठवतो. मी आत्याकडे तक्रार केली होती, आणि आईला बरं नसेल, गुपचूप जेव, असं ती म्हणाली होती. म्हणजे मलाही तेव्हा कळलं होतं. मी वरून मीठ घेतलं आणि जेवले.

रविवारी त्याच्या घरी जाऊन आले. इस्त्री केलेला ड्रेस घालून. आमच्याकडे चुकीचा अहवाल फाडून टाकत नाहीत. नवा देतात आणि त्यावर जुन्याचा क्रमांक लिहितात, म्हणजे चूक झाली होती हेही कागदावर राहतं. मी तसंच सांगितलं. आई जिवंत आहे, पुस्तकं शिवते, तेरा वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली. आधी सांगितलं ते खोटं होतं आणि ते मला माहीत होतं.

त्याच्या वडिलांनी आणखी काय काय खोटं आहे ते विचारलं. मी सांगितलं, बाकी काही नाही. त्याच्या आईने बराच वेळ टेबलावरचा कपडा सरळ केला. मग त्या म्हणाल्या की नवऱ्याने टाकलेली बाई त्या समजू शकतात, नवऱ्याला टाकणारी नाही. नोंदणीला तू असलीस तर त्या येणार नाहीत. आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं.

तो मला थांब्यापर्यंत सोडायला आला. तू गेलीस याचं त्याला काही वाटलं नव्हतं. आठ महिने मी गप्प राहिले, याचं वाटलं होतं. कुणाच्या तरी बांधाची खूण माहीत असून मोजणीच्या वेळी न सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखी मी वागले, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर आहे. बस आल्यावर त्याने सांगितलं की तारीख तीच राहील, आणि त्याच्या आईची समजूत तो काढेल किंवा काढू शकणार नाही. त्या आल्या नाहीत तर त्याला ते आयुष्यभर लागेल, हे मला कळतं. मी तरीही तुला लिहिते आहे. तुला सोडून मी एकदा सोपं करून घेतलं होतं.

मुकादमाची बातमी. शाळेचा खांब पुन्हा ओतला. मला लेखी ताकीद मिळाली, तिचा मसुदा साहेबांनी मलाच करायला लावला, कारण त्यांच्या मते तो माझ्याइतका बिनचूक कुणी केला नसता. आता मुकादम ठोकळे घेऊन आला की आधी मला विचारतो, बाई, पाणी बघितलंत का. रोज विचारतो. मी रोज बघते.

तू गेलीस त्या दिवशी मी खिडकीत होते. परीक्षेचं पुस्तक समोर होतं. आपल्या दारापासून कोपऱ्यापर्यंत तुझी पावलं मोजली. एकशे बारा. एकाहत्तराव्या पावलावर तू वळून पाहिलंस. मी पडद्यामागे सरकले, कारण हाक मारली तर आकडा चुकला असता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी मोजल्या, पण मला पाठ असलेला आकडा तो एकच आहे.

माझ्यातही तुझ्यासारखंच दोघं भांडतात. तू जायला नको होतंस, असं एक म्हणतं. तू गेलीस म्हणून मला एकटीने खोली घेऊन राहायचं, काम निवडायचं, माणूस निवडायचं धाडस झालं, असं दुसरं म्हणतं. मी निकाल देणार नाही. वही पूर्ण वाचलेली नाही.

आत्याला तुझा नमस्कार सांगितला. ती जेवली. लग्नाला काय नेसणार आहेस ते तिने विचारलं आहे, आणि तू काहीही नेसलीस तरी ती नाव ठेवणार आहे, हेही कळवायला सांगितलं आहे.

बाबांना मी फोनवर सांगितलं, की साक्षीदारांच्या दोन जागा आमच्या बाजूला आहेत; एक आत्याची, दुसरी तुझी असावी असं मला वाटतं. ते ठीक आहे म्हणाले. मी फोन ठेवणार तेवढ्यात ते पुन्हा बोलले. तिला बॉलपेनने सही जमत नाही, शाईचं पेन बरोबर ठेव, असं म्हणाले. मी पेन घेतलं आहे.

साक्षीदारांची नावं १६ तारखेला कार्यालयात द्यायची आहेत. ती दिल्यावर बदलत नाहीत. येताना निळं पुस्तक आण, पाकिटं मी उघडेन. तू साक्षीदार म्हणून सही करशील का, हो किंवा नाही, ते १५ मार्चपर्यंत कळव.

तुझी मोजपट्टी