मौनाचं जेवण

आईंना आणायला सदूच्या बैलगाडीनं खोपोलीच्या आश्रमात जाते आहे. तुम्हांला न विचारता निघाले, रागावू नका.

वयामुळं त्यांची भूक मेली, असं तिथून लिहून येतं. काल मी पंगतीशी उभी होते. वाढपी विचारतो, "आजी, भात घालू का?" चातुर्मासात त्यांचं जेवताना मौन, हातानं खूणसुद्धा करायची नाही. तो बिचारा पुढं जातो, त्या अर्धपोटी उठतात. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं हो.

हे व्रत मीच त्यांना घ्यायला लावलं. तेव्हा वाढायला मी होते, विचारावं लागत नसे.

तुमचं ताट शिंक्याखाली झाकलंय. संध्याकाळी तुमच्या पाटाशेजारी त्यांचा पाट मांडून ठेवा.