चोवीस कसं येईल

५ जाने., सोम.
सहावीची चाचणी घेतली. सोनपेठच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच नाव द्यायचं. यशला दहापैकी दहा, अश्विनीला नऊ. सातव्या प्रश्नात गेली पोरगी. २.४४६ × ७.९ अंदाजे किती? उत्तर २४. हिनं लिहिलं, "सोळाच्या पुढं, विसाच्या आत."

पेपर घेऊन टेबलापाशी आली. "सर, आठ अडीचे वीस. आन हे तर अडीच बी न्हाई. मग चोवीस कसं येईल?" मी म्हणालो, "ही शाळा आहे, तुझ्या आईचं शिलाई मशीन नाही." वर्ग हसला. मीही हसलो.

यशचं नाव मुख्याध्यापिका बाईंकडे दिलं.

६ जाने., मंगळ.
मधल्या सुट्टीत खरा गुणाकार करायला बसलो. उद्या फळ्यावर मांडून अश्विनीला गप्प करायचं म्हणून.

१९.३२३४.

पुन्हा केला. मोबाइलवर केला. तेच.

चूक माझ्या 'धक्क्या'त आहे. अंकांची कार्डं घेऊन पोरं ओळीत उभी करतो. शेवटचा पाच किंवा वरचा असला, की तो पुढच्याला धक्का देऊन एकानं वाढवतो आणि खाली बसतो. २.४४६ मधला सहा चाराला ढकलतो, पाच होतो. तो पुढच्या चाराला, तोही पाच. तो दोनाला, तीन. तीन अठ्ठे चोवीस. पोरं खुश, मी खुश.

खरं तर पूर्णांकात आणायचं तर दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक तेवढा बघायचा. चार आहे, म्हणजे दोन दोनच राहतात. मागून ढकलत यायचंच नाही. एवढी साधी गोष्ट. अकरा वर्षं शिकवतोय. शिक्षण परिषदेत करून दाखवला, टाळ्या घेतल्या, बाकीच्या शाळांनी उचलला. किती पोरं झाली असतील... हिशोब नको.

७ जाने., बुध.
भागाकार सुरू केला, उगाच. अश्विनी शेवटच्या रांगेत जाऊन बसलीय. मी पुढं बोलावलं नाही.

८ जाने., गुरु.
मु. बाईंना सांगितलं. पूर्ण नाही, अर्धवट. "एक प्रश्न जरा वादाचा झालाय" असं. त्या म्हणाल्या, "नाव गेलं की सर आता. यशच्या बापाला काय सांगणार? एका मार्कासाठी कशाला उकरायलाव?" मी लगेच म्हणालो, बरोबर आहे बाई.

लगेच म्हणालो. त्याचीच लाज वाटते जास्त.

१० जाने., शनि.
सकाळची शाळा. अश्विनीची आई आली होती. गावातले निम्मे गणवेश हीच शिवते. पायरीवरच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. "सर, पोरीला मी लय बोलले. सरांना उलटं बोलतीस का म्हणून. आता घरी पाढेच म्हणना झाली. चुकलं कुठं तेवढं मला सांगा. मी बी तसंच कापड धरते. दोन मीटर पंचेचाळीसचे आठ पीस म्हटलं, की वीस मीटर आणते. उरतंय की थोडं. चोवीस कशाला लागंल?"

मी म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "बघा सर," आणि गेली. तिला तरी सांगायचं होतं. माझ्या चुकीपायी पोरीनं घरी बोलणी खाल्ली.

१२ जाने., सोम.
सांगितलं. वर्गात, उभं राहून. चौघांना कार्डं देऊन धक्का करायला लावला, चोवीस आले. मग खरा गुणाकार फळ्यावर केला, दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक तेवढा बघायचा हा नियमही सांगितला. म्हणालो, "माझं चुकलं. अश्विनीचं बरोबर होतं. तिला जे बोललो तेही चुकलं." कुणी हसलं नाही. अश्विनी वहीत बघत होती.

यश उठला. "मग माझे दहा न्हाईत का सर?" म्हणालो, "नाहीत. तुलाही मीच चुकवलं." पोर रडवेलं झालं. याचा विचारच केला नव्हता.

मु. बाई भडकल्या, पण सोनपेठला फोन केला. नाव बदलायचं तर उद्या बारापर्यंत. ठरलं, यशलाही मीच चुकीचं शिकवलेलं, म्हणून दोघांची नवी चाचणी, पाच प्रश्न. संध्याकाळी अश्विनीच्या घरी जाऊन आलो. आई म्हणाली, "एवढं कशाला यायचं सर." चहा दिला. अश्विनी बाहेर आली नाही.

१३ जाने., मंगळ.
चाचणी झाली. पहिले चार दोघांचेही बरोबर. पाचवा ०.४८ × ६.१ अंदाजे किती? म्हणजे सहाच्या निम्मे, तीन. यशनं शून्य लिहिलंय. ०.४८ चं शून्य केलं आणि सहाला गुणलं. मी कालच सांगितलेला नियम तंतोतंत. त्याला तरी काय बोलणार.

अश्विनीनं दोन उत्तरं लिहिलीत, शेजारी शेजारी. ३ आणि ६. सहा कसे, ते लगेच कळलं. आठानं चाराला ढकललं, पाचानं शून्याला, त्याचा एक झाला.

बोलावून विचारलं, यातलं तुझं उत्तर कोणतं? तिनं दोन्ही उत्तरांकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमी म्हणाल ते, सर."

साडेअकरा झालेत. मु. बाईंनी दोनदा नाव विचारलं. पेपर समोर आहे, अजून खूण केलेली नाही.