तळघराची अकरावी पायरी

प्रिय आबा,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, फोनच करायचे. पण आज कुणाला विचारावं तेच कळेना. तुम्हाला दिलेला माझा जुना लॅपटॉप साताऱ्याला आणलाय. आतलं सगळं पुसून कामाला घ्यावा म्हणून उघडला, तर समोर तुमचं घर. घर बांधायच्या त्या खेळातलं, अर्धवट. आता पुसू कसं?

कंबर धरली आणि तुमची थापी सुटली. गवंडी माणूस नुसता बसून कुजेल, म्हणून मीच हा खेळ शिकवला. पहिल्या दिवशी माउसला केवढ्या शिव्या घातल्यात! महिन्याभरात जोतं, खांब, जिने सगळं जमायला लागलं. मी 'पोर्च' म्हटलं की मात्र चिडायचात. "वसरी म्हण की, जीभ झिजती व्हय?"

पण हे शेवटचं घर मला काही केल्या उलगडत नाही. याला तळघर कशाला, आबा? जन्मभर सांगलीत तुम्ही कुणाला तळघर बांधू दिलं नाही. "नदी आदी तितंच मुक्कामाला येती," म्हणायचात. भिंतीवरची पुराची खूण बघायची आणि तिच्या वर हातभर जोतं घ्यायचं, ही तुमची रीत.

आईला फोन लावला. ती म्हणाली, "ह्या खेळात पूर येत न्हाई म्हणं. म्हणून लय हौसेनं खाली खणत बसलं हुतं."

बरं. मग पूर येत नाही, तर वर जोतं पुरुषभर उंच का?

"आता मला काय ठावं? तूच इचार त्यास्नी," म्हणाली. मग मी फोन ठेवला.

मग तळघराच्या पायऱ्या मोजल्या. दहा. परत मोजल्या, दहाच. पायऱ्या विषमच पाहिजेत म्हणून माधवनगरच्या एका घराच्या आठ पायऱ्या स्वतःच्या हातानं फोडणारे तुम्ही, आणि इथं दहा? मला हसूच आलं. म्हटलं, आबाही चुकतात.

आणि मग तो बुधवार आठवला. तुमचा फोन आला होता. "रेखे, खाली एक पायरी वाढवायची हाय. कुटं दाबायचं गं?"

मी कामात होते. म्हटलं, "आबा, रविवारी येते ना, तेव्हा दाखवते."

"बरं, ऱ्हाऊ दे. मी काय कुटं पळून चाललोय?"

शुक्रवारी गेलात. याला काय म्हणायचं, आबा?

तळघर एक टप्पा खोल केलं की पायरी आपोआप वाढते. एकच बटण. फोनवर सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी का नाही सांगितलं, हे मला अजून कळत नाही.

आता ते बटण मी दाबायचं का? दाबलं तर घर तुमचंच राहील ना? आणि नाही दाबलं, तर तुमच्या नावावर सम पायऱ्यांचं घर राहतं. तुम्हाला काय खपलं असतं, सांगा ना.

लॅपटॉप पुसत नाही. तुम्हाला हौसेनं खणताना आईनंच बघितलंय, म्हणून तिच्या शेजारी बसते आणि ती अकरावी पायरी तिच्याच बोटानं लावून घेते. त्यासाठी उद्याच रजा टाकून सांगलीला येतेय. रविवारपर्यंत थांबणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
रेखा