हलक्या चाकांची गाडी

५ जुलै
निर्णय झाला. गाडीला हलकी अलॉय चाकं बसवायची. इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते कमी केलं की गाडी चटकन पळते, चटकन थांबते, वळणावर रस्ता सोडत नाही. आमची गाडी जुनी आहे, पण दोष तिचा नाही. दोष लोखंडी चाकांचा.

घाई एवढ्यासाठीच की पुढच्या महिन्यात लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. सहा तासांचा रस्ता, मधे घाट. मेहुणे, म्हणजे हिचा भाऊ, गाद्यांचे दुकानदार. म्हणाले, भाऊजी, तुमच्या गाडीला कशाला त्रास, दुकानाच्या व्हॅनमधून नेतो तिला. मी म्हटलं, माझी मुलगी म्हणजे काय डबल बेडची गादी आहे? (मनात म्हटलं.)

९ जुलै
टायरवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, साहेब, गाडी नाही, पाखरू होईल. शिवाय म्हणाला, रिम पातळ, टायर चपटा, तेव्हा खड्डे तेवढे जपा. हे त्याला सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगावं लागत असणार. ज्याला स्टिअरिंग कळतं त्याला खड्डे लागत नाहीत.

हिला किंमत सांगितली नाही. हिनेही विचारली नाही. लक्षण ठीक नाही.

१० जुलै, सकाळ
नवं चाक बसवायच्या आधी घरी आणलं. ते कवटाळून बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिलो. मग फरक काढायला नुसताच उभा राहिलो. काटा बिघडलाय.

ही म्हणाली, चारही चाकं मिळून जेवढी हलकी झाली त्याहून जास्त तुम्ही एकटे वर्षभरात वाढलात, गाडी बिचारीला काय कळणार! हिला फिरणारं वजन आणि बसणारं वजन यातला फरकच माहीत नाही. समजावून सांगितला. मधेच उठून गेली.

१० जुलै, संध्याकाळ
चाकं बसली. लेकीला घेऊन चक्कर मारली. काय पिकअप! सिग्नल सुटला आणि शेजारची स्कूटर पार मागे. ती बंद पडली होती, असं लेक म्हणते. तरुण पिढीला आनंद घेता येत नाही.

१८ जुलै
लेकीला क्लासला सोडतो त्या चढावर अजून दम लागतो. गाडीला. कारण उघड आहे, बाकीचं वजन. डिकी रिकामी केली. छत्री, पाना, जॅक, स्टेपनी, सगळं माळ्यावर. चाकं चार लागतात, मग पाचवं वागवायचं कशाला?

संकल्प: उद्यापासून रात्रीचं जेवण निम्मं.

१९ जुलै
ऑफिसात हेडक्लार्कचा निरोप समारंभ. केक होता. संकल्प सोमवारपासून.

२७ जुलै
मेहुण्यांना मुद्दाम फिरवून आणलं. एक वळण असं घेतलं की त्यांनी डोळेच मिटले. उतरल्यावर विचारलं, कशी वाटली? कंबर चोळत म्हणाले, भाऊजी, रस्त्यावरचा खडान् खडा कळला. मी म्हटलं, यालाच रोड फील म्हणतात. व्हॅनमध्ये तो कुठून मिळणार! ते चहासुद्धा न घेता गेले.

३ ऑगस्ट
उद्या निघायचं. हिला सुट्टी नाही, म्हणजे आम्ही दोघंच. सामान बघून मनात किलोंची बेरीज सुरू झाली. सूटकेस, पुस्तकांची खोकी, टेबलफॅन. पंख्याचं वजन उगाच होईल, असं सहज बोलून गेलो. लेक पंखा उचलून आत ठेवून आली. मला फार वाईट वाटलं. जाऊन मीच तो परत आणला.

मग तिने विचारलं, बाबा, रस्ताभर चाकांवर बोलणार नाही ना? शब्द दिला. बोलायला दुसरं पुष्कळ आहे. एकटीने कसं राहायचं, आजारी पडलीस तर आधी मला फोन कर, तू गेल्यावर घर कसं होईल, वगैरे. घरात हे जमत नाही, ही लगेच डोळ्यांना पदर लावते. गाडीत बरं. समोर बघत बोलता येतं.

४ ऑगस्ट
घरापासून फार लांब नाही, पेट्रोल पंपाच्या पुढेच. लेक म्हणाली, बाबा, खड्डा! मी तेव्हा तिला सांगत होतो की हलक्या चाकाला खड्डा जाणवतच नाही.

जाणवला. रिम वाकली, टायर बसला. स्टेपनी माळ्यावर. जॅकही माळ्यावर. असता तर निदान खाली वाकून काहीतरी केल्यासारखं दिसलं असतं.

लेकीने मामाला फोन लावला. मेहुणे गाद्या घेऊनच आले. मागे गाद्या आणि खोकी, पुढे ते आणि ती, तिच्या मांडीवर पंखा. मी गाद्यांवर बसतो म्हटलं. मेहुणे म्हणाले, अहो, गाडी अशी रस्त्यात टाकून कसं चालेल? चेष्टेचं एक अक्षर बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

इतकं बोलायचं होतं. व्हॅन सुरू झाली तेव्हा खिडकीशी धावत जाऊन म्हटलं, पट्टा लाव. तिने लावलेलाच होता.

११ ऑगस्ट
लोखंडी चाकं परत बसवली. स्टेपनी डिकीत. ही म्हणाली, आता जेवणही पूर्ण जेवा.

सवयीने गाडी क्लासच्या रस्त्याला लागली. तोच चढ. पण गिअरसुद्धा बदलावा लागला नाही, सरसर चढली. आरशात पाहिलं, मागची सीट रिकामी. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं, वजन कमी झालं की गाडी पळते.

घरी आल्या आल्या हे सांगायला लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो.