मी आधी जाणार

चँडलर, ॲरिझोना
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय कांचन,

तुम्ही दोघं मजेत असाल असं धरून चालते. मी बरी आहे.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी "गॅसवर दूध आहे, नंतर बोलते" म्हणून ठेवला. दूध नव्हतं. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे विवेकभावजी मधेच वरच्या मजल्यावरचा रिसीव्हर उचलतात आणि "काय वहिनी, काय म्हणतंय तुमचं वाळवंट?" सुरू करतात. मला जे सांगायचं आहे ते त्या थट्टेत सांगता येणार नाही. म्हणून पत्र. हाताला सवय राहिलेली नाही, अक्षर लावून घे.

इकडे घट बसायची वेळ झाली तरी एसी बंद करता येत नाही. तुमच्या अल्फारेटात एव्हाना झाडं लाल व्हायला लागली असतील. माझ्याकडे मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड आहे, त्याला लिंबं लागतात आणि खाली पडतात. चारुता दर रविवारी सॅन होजेहून फोन करते. "आई, आर यू ईटिंग प्रॉपरली? नॉट जस्ट टोस्ट?" मी हो म्हणते. टोस्टच असतो. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो असं बायका म्हणतात. मला कंटाळाही येत नाही, भूक लागल्याचं कळत नाही एवढंच.

कापडाच्या दुकानातली नोकरी चालू आहे. पडद्यांचं कापड यार्डावर मापून कापून द्यायचं. मॅनेजरबाई मला 'शीला' म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. शैला म्हटलं काय, शीला म्हटलं काय, कात्री तीच. तुला मी सांगितलं होतं की वेळ जावा म्हणून करते. तू म्हणालीस, "छान केलंत वहिनी, घरात बसून तरी काय करायचं!" कांचन, ते खरं नव्हतं. तिथे आजारपणाचा विमा मिळतो म्हणून करते. सरकारचे विधवेचे पैसे मला साठी झाल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि साठीला अजून अवकाश आहे. हे घरही विकायला काढलं आहे. चारुताला अजून सांगितलेलं नाही.

तू आता म्हणशील, दादांची पेन्शन होती ना? हो, होती.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला विवेकभावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादाने वहिनींची पक्की सोय करून ठेवलीय, त्याच्यासारखं प्लॅनिंग आपल्यात कुणाला जमलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी खिरीचा डाव घेऊन उभी होते, मीही हलवली. मेलेल्या माणसाचं कौतुक चाललेलं असताना मधे बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले. परवा तू सांगितलंस की भावजींना कंपनीने लवकर रिटायरमेंट देऊ केली आहे, पंचवीस तारखेला नोटरीकडे जायचं आहे, आणि "हे म्हणतात, दादाने जी जास्तीची पेन्शन घेतली तीच आपण घ्यायची." तेव्हा माझं ते गप्प बसणं कुठे जाऊन पोचलं ते कळलं.

आणि पुढे तू हसत हसत म्हणालीस, "त्या कागदावर सर्व्हायव्हर हा शब्द वाचूनच मला कसंतरी झालं. मी यांना म्हटलं, असलं अभद्र काही नको आपल्याला."

म्हणून आता नीट सांगते.

९३ साली हे रिटायर झाले तेव्हा असाच कागद आला होता. दोन रकाने होते. एकात पेन्शन जास्त, पण ती नवऱ्याच्या श्वासाबरोबर संपणार. दुसऱ्यात दरमहा थोडी कमी, पण तो गेला तर बायकोला तिच्या मरेपर्यंत अर्धी मिळत राहणार. ह्यांनी दुसऱ्या रकान्यावर पेन्सिलने खूण केली होती. हो कांचन, दुसऱ्या. तुझ्या दादांनी माझी सोय केलीच होती. मी ती खोडायला लावली.

हे मला समजावायला बसले. "शैला, मी नसेन तेव्हा..." एवढंच म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "तुमच्या मरणावर माझं घर चालायचं असेल तर मला ते घर नको." ते म्हणाले, "अगं, आकडे तरी बघ." मी आकडे बघितले नाहीत. मी एम.एस्सी. झालेली बाई, ह्यांचा टॅक्स भरण्याआधी मी तपासायची, आणि त्या दिवशी मला तो कागद हातात धरवेना. आपल्या आयांनी, आज्यांनी आपल्याला एकच शिकवलं ना, कपाळाला कुंकू असताना जायचं. मग मागे उरलेल्या बाईच्या रकान्यावर मी कशी खूण करू देणार होते? मला वाटलं, तिथे सही केली तर मीच ह्यांचं वाईट चिंतल्यासारखं होईल. ह्यांनी पेन्सिलची खूण खोडली. खोटं कशाला सांगू, त्यांना बरंच वाटलं असावं. मलाही वाटलं.

पहिल्या रकान्यासाठी बायकोची लेखी संमती लागते, तीही नोटरीसमोर. बँकेत गेलो. नोटरी म्हणजे चारुताच्या वयाची एक गोरी पोरगी. तिने सरळ विचारलं, "मॅम, डू यू अंडरस्टँड? इफ ही डाइज, यू गेट नथिंग." मी तिला अगदी ठसक्यात म्हटलं, "आय विल गो फर्स्ट." मी आधी जाणार. तिला वाटलं मला आधी सही करायची आहे. ती "शुअर, गो अहेड" म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं.

बाहेर येऊन आम्ही दोघं गाडीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हे महिनाभर ज्याला त्याला तो किस्सा सांगत होते. तुलाही सांगितला असेल, फक्त कसली सही ते सांगितलं नसेल.

दोन वर्षांनी हे गेले. पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबली. कंपनीत फोन केला. तिकडची बाई फार सभ्य होती, तिने तीनदा सॉरी म्हटलं आणि म्हणाली, एकदा पेन्शन सुरू झाली की निवड बदलता येत नाही. मी तिला थँक यू म्हटलं. मला राग आला नाही, रडू आलं नाही, अजूनही येत नाही. लोक म्हणतात धीराची आहे. धीर वगैरे काही नाही गं, आत काही हलतच नाही.

गेल्या मंगळवारी इथल्या लायब्ररीत बायकांसाठी निवृत्तीच्या पैशांचा फुकट वर्ग होता, त्याला गेले. शिकवणाऱ्या बाईंचं नाव डॉरिस. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपण नवऱ्याच्या मागे राहू असं कितीजणींना वाटतं?" खोलीतल्या सगळ्या अमेरिकन बायकांनी पटापट हात वर केले, भाजी कोणाला हवी विचारल्यासारखे. माझा हात मांडीवरच राहिला. ह्यांना जाऊन वर्ष उलटलंय, कांचन, आणि माझा हात वर जाईना. शेजारची बाई म्हणाली, "लकी यू, ही मस्ट बी व्हेरी हेल्दी." मी म्हटलं, "ही वॉज."

तर तू असं कर. पंचवीस तारखेला सही करू नकोस. डॉरिसबाईंना मी मुद्दाम विचारून घेतलं. अशा पेन्शनीत तू काहीच केलं नाहीस तरी कायद्याने जोडीचीच मिळते, आणि तुझ्या सहीशिवाय भावजींना एकट्याची घेताच येत नाही. तुमच्या कंपनीच्या ऑफिसात फोन करून याची पुन्हा खात्री करून घे, आणि तो फोन तू स्वतः कर. भावजींना वाईट वाटेल. म्हणतील, "म्हणजे मी मरणार हे तू धरूनच चाललीस?" वाटू दे. दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत, मग बोलतील. तुला स्वतःलाही पाप केल्यासारखं वाटेल. तेही वाटू दे, आणि तरी करू नकोस.

हे पत्र त्यांना वाचायला दे. दादाने सोय केली होती हे त्यांना कळायला हवं, आणि ती कोणी मोडली तेही. माझ्यावर चिडले तरी चालेल.

आजच पोस्टात टाकते, चार दिवसांत पोचेल.

धाकट्या जावेला पत्राच्या शेवटी काय आशीर्वाद द्यायचा ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. 'अखंड' या शब्दापर्यंत पेन आलं होतं. तो मी देत नाही. माझ्याकडून तुला एवढंच, विवेकभावजींच्या मागे पुष्कळ वर्षं जग, आणि पोटभर जेवून जग.

तुझी,
मागे राहिलेली
शैला